करकरते म्हणायचं नाही

ब्राझीलमधल्या मिनासच्या डोंगरांत बैलगाडी करकरते असं कुणी म्हणत नाही. लाकडी आख चाकांबरोबर फिरतो, घासतो, टेकडीपलीकडेही ऐकू येतो. पण करकरतं ते दार, गाडी गाते.

गाडीवान जोव्हेलिनोची बायको झेनाइदे शहरातली. लग्नाच्या दिवशी गाडीत चढल्या चढल्या ती म्हणाली, "केवढी करकरते हो ही."

वऱ्हाडातल्या गाडीवानांनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं. जोव्हेलिनोचे कान लाल झाले. "गाते म्हणायचं," तो हळूच म्हणाला.

"मग तिला जरा सुरात गायला सांगा."

पुढे संसारभर ती मुद्दाम करकरतेच म्हणत राहिली. मूलबाळ झालं नाही. मात्र टेकडीमागून गाडी ऐकू आली, की तिच्या चुलीवर कॉफीचं आधण चढलेलं असायचं.

मग बाजारगावात रस्ते फरसबंद झाले आणि गाणाऱ्या गाड्यांना बंदी आली. जोव्हेलिनो वेशीबाहेर आखाला चरबी थापून गाडी मुकी करायचा, आणि परतताना ती पुसून कोळशाची पूड लावायचा. तसं केलं, की गाडी पुन्हा गायला लागायची.

त्या दिवशी झेनाइदे तापानं फणफणली होती. शेजारणीला, फिलोला, तिच्यापाशी बसवून तो औषधाला गेला. परतताना घाईत चरबी पुसायची राहिली. मुकी गाडी फाटकाशी आली. घर शांत होतं. झोप लागली असेल, उठवायला नको, असं वाटून त्यानं आधी तहानलेले बैल ओढ्यावर नेले.

औषधाची बाटली घेऊन आत आला, तेव्हा तिचा श्वास थांबलेला होता; हात अजून गरम होते.

"सारखी विचारत होती," फिलो म्हणाली. "गाडी गातेय का गं, म्हणून. मी खिडकीशी जाऊन ऐकायचे. अजून नाही, म्हणायचे."

"गातेय म्हणाली?"

"हो दादा."

तो भिंतीला टेकून खाली बसला.

सकाळी म्हातारा गाडीवान आंसेल्मो कोळसा घेऊन आला. "तिला गाणाऱ्या गाडीतून नेऊ," म्हणाला.

"नको. आता कुणाला ऐकवायचं?"

लोकांनी शवपेटी खांद्यावरून नेली. बैल आंसेल्मोकडे गेले. जोव्हेलिनोनं पुन्हा गाडी जुंपली नाही.

संध्याकाळी फिलो त्याला कॉफी आणून देते. तो पायरीवर बसलेला असतो, कप हातातच निवतो.

"मी ओढ्यावर होतो, फिलो," तो म्हणतो.

"माहीत आहे, दादा," ती म्हणते, आणि थोडा वेळ शेजारी बसून राहते.