इनासच्या टाकीचं झाकण

इनास फर्नांडिस हा म्हापशाच्या बाजारातल्या आमच्या स्टँडवरचा मोटरसायकल पायलट. वीस वर्षं त्यानं गिऱ्हाइकं मागे बसवून पोचवली. चर्चच्या फेस्ताला, म्हणजे जत्रेला, गाडी नवी दिसावी म्हणून त्यानं घरीच टाकी रंगवली, झाकणासकट. दुसऱ्या दिवसापासून गाडी दहा मिनिटं चालायची आणि बंद पडायची. तीन गिऱ्हाइकं भर रस्त्यात उतरली. चौथं उतरलं की नाव कापायचं, असा स्टँडचा नियम.

"नटवलीस ना तिला? आता लाजते रे ती!" स्टँडवरचा एकजण म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

स्टँडचा म्होरक्या बोस्त्यांव वाकला. त्यानं झाकण उघडलं, तशी हवा फुस्सकन आत शिरली. त्यानं लगेच झाकण दाबून बसवलं.

"कार्बुरेटर मेला, पात्राव. ही आता भंगार. मला दे, सुटे भाग तरी वापरीन."

इनासनं मान खाली घालून गाडी बोस्त्यांवला दिल्याच्या कागदावर सही केली.

"आता ती पिन दे बघू," कागद खिशात घालत बोस्त्यांव म्हणाला.

इनासच्या शर्टाला बटणाच्या जागी सेफ्टी पिन होती. त्या पिनेनं बोस्त्यांवनं झाकणातलं बारीक भोक टोचलं. ते रंगानं बुजलं होतं. टाकीत हवा जाईना, म्हणून पेट्रोल उतरत नव्हतं. एवढाच रोग. गाडी एका किकमध्ये सुरू झाली.

मी बोस्त्यांवची कॉलर धरली. "चोरा, तुला आधीच कळलं होतं!"

"सोड त्याला," उघडा शर्ट धरून इनास म्हणाला. "मला घरी कोण पोचवणार?"

बोस्त्यांवनं पोचवलं. भाडं घेऊन.