वहिनीच्या वॉर्डात पाणी मागू नये

आमच्या वहिनीला इस्पितळात सगळे हेडमास्तर म्हणतात. पक्षाघाताच्या वॉर्डाची ती मुख्य सिस्टर. नणंद म्हणून तिची खोड काढायचा हक्क माझा, पण वॉर्डाच्या बाबतीत मी तिच्यापुढे कधीच हात टेकलेत.

पक्षाघाताचा पेशंट आला की घरचे आधी त्याच्या तोंडाला पाणी लावतात. माया असते हो, पण घशाचे स्नायू लुळे पडले असले तर तेच पाणी फुफ्फुसात उतरतं आणि झटक्यातून वाचलेला माणूस न्यूमोनियाने जातो. असे गेलेले वहिनीने पाहिले होते. म्हणून तिने नियम घातला: आधी चमचाभर पाण्यावर गिळण्याची तपासणी, तोवर थेंबसुद्धा नाही. डॉक्टर हसले, नातेवाईक भांडले, वहिनी कुणाला बधली नाही. एकेका सिस्टरकडून तिने ती तपासणी घोटून घेतली. न्यूमोनिया कमी होत गेला, तसे हसणारेही गप्प झाले.

आणि एके दिवशी दादालाच आणलं. उजवी बाजू लुळी, तोंड वाकडं, ओठ कोरडे ठाक. डाव्या हाताने तो पाण्याची खूण करत राहिला. आईला ते बघवेना. घोटभर तरी दे गं, म्हणून ती वहिनीच्या विनवण्या करू लागली. आणि साऱ्या जगाला दटावणाऱ्या आमच्या वहिनीने ग्लास उचलून त्याच्या ओठांजवळ नेला.

वहिनीनेच शिकवलेल्या एका नव्या सिस्टरने तिचं मनगट धरलं.

"तपासणी झाल्याशिवाय नाही, सिस्टर."

"अगं, नवरा आहे माझा."

"म्हणूनच नाही."

वहिनी ग्लास खाली ठेवून बाजूला झाली. त्या सिस्टरने दादाला नीट बसवलं, चमच्याने जरासं पाणी दिलं आणि बोलायला लावलं. त्याला जोराचा ठसका लागला, आवाज घोगरा, घशात पाणी अडकल्यासारखा ओला झाला. तोंडाने पाणी बंद, अन्नपाण्यासाठी नाकातून नळी. अख्खा ग्लास पोटात गेला असता, की फुफ्फुसात?

दादा आता घरी असतो आणि चहा पातळ झाला म्हणून कुरकुरतो. वहिनी ही गोष्ट लपवत नाही, उलट येईल त्याला ऐकवते. परवा आईने विचारलंच, सगळ्यांसमोर हात धरला त्या पोरीने, तुला राग नाही आला?

"राग कसला, आई? मला अडवेल अशी एक माझ्याच हाताखाली तयार झाली. आता मी उद्या घरी बसले तरी चालेल."