म्याओ म्हातारीचा अर्धा दाणा

आमच्या डोंगरातल्या गावात म्याओ म्हातारीइतकी खट बाई दुसरी नव्हती. बाजारात कुठलंही धान्य दिसलं की दाणा उचलून दाताखाली धरायची. कट्ट वाजला तरच तो वाळलेला, नाहीतर दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार! तिची सून शिउयून म्हणजे गरीब गाय. पण डोंगरापलीकडे जपानी आले, अलीकडे त्यांच्याशी लढणारी आपली आठव्या फौजेची पोरं आली, बायकांच्या सभा भरू लागल्या आणि या गाईला शिंगं फुटली. उपसरपंचपदाला चक्क उभी राहिली!

"राहा उभी," म्हातारी म्हणाली, "पण पडलीस तर सभा बंद. जन्मभर घर आणि जातं."

शिउयून "बरं, आत्याबाई" म्हणाली. काळजाचं पाणी झालं ते माझं, मी शेजारीण.

निवडणूक देवळाच्या अंगणात. भिंतीकडे तोंड करून दोघं बाकावर बसलेली, एक शिउयून आणि दुसरा गुरांचा दलाल लू फूचाय. दोघांच्या पाठीमागे एकेक वाडगा. आम्हाला लिहिता कुठं येतंय? ज्याला निवडायचं त्याच्या वाडग्यात सोयाबीनचा दाणा टाकायचा. मागे वळून बघायला उमेदवाराला बंदी.

म्हातारी सगळ्यात शेवटी आली. दाणा हातात पडला आणि जित्याची खोड! नेला दाताखाली. कट्ट! दाण्याची झाली डाळ.

"आता गं?" मी पुटपुटले.

"गप," ती कुजबुजली. "फूचायला शब्द दिलाय. आणि ही घरची. भांडण नको." आणि तिनं एक डाळ इकडे, एक डाळ तिकडे टाकली!

मोजणी झाली. दोन्ही वाडग्यांत दाणे सारखे, वर अर्धा-अर्धा. अख्खं अंगण फुटलं हसून. माझ्या तर डोळ्यांतून पाणी आलं. पण भिंतीकडे बघत बसलेल्या शिउयूनचे खांदे हलताना दिसले आणि माझं हसू घशातच राहिलं. बिचारीला वाटलं, सगळे तिलाच हसताहेत. ती उठून घराकडे निघाली.

मोजणी करणारी फौजेतली पोरगी म्हणाली, "काकू, अर्धं मत चालत नाही. एकीकडेच टाका."

म्हातारीनं सुनेच्या पाठीकडे पाहिलं. मग फूचायच्या वाडग्यातली डाळ उचलली आणि सुनेच्या वाडग्यात आपटली. "फूचाय, अर्धा शब्द पाळला हो तुझा!"

फूचायच सगळ्यांत मोठ्यानं हसला. म्हातारी लहानपणी बांधून आखूड केलेल्या आपल्या पायांवर लुटुलुटु धावली आणि फाटकाशी तिनं सुनेचा दंड धरला.

"कुठं निघालीस? निवडून आलीस! दळण मी बघते, तू गाव बघ." मग जरा लाजून म्हणाली, "आणि हो, पुढच्या सभेला मलाही ने. आत काय चालतं ते कधी बघितलंच नाही गं मी."