दुसऱ्या निम्म्याचं काय

माझ्या मावशीला कॉलेजातली मुलं थांबबाई म्हणायची. कॉलेज सोडायचं असेल तर दाखल्याच्या अर्जावर तिची सही लागायची, आणि सही मागायला आलेल्या प्रत्येकाला ती एकच वाक्य ऐकवायची, "थांब जरा. आधी बस." मूल बसतं. मावशी पेनाचं टोपण काढत नाही. मूल टोपणाकडे बघतं, मावशी मुलाकडे बघते, आणि कधीतरी ते मूल बोलायला लागतं.

तिची खोली तळमजल्यावर, जिन्याखाली. एका बाजूला जुन्या उत्तरपत्रिकांची कोठी, दुसऱ्या बाजूला पाण्याचा कूलर. कूलर मधूनच असा घरघरतो की बोलणाऱ्याने वाक्य तोंडात धरून बसायचं. दारावर पाटी आहे, 'विद्यार्थी कल्याण'. त्यापुढे कुणीतरी पेनने प्रश्नचिन्ह काढलंय. मावशी ते पुसत नसे. म्हणायची, "प्रश्न रास्त आहे."

कॉलेजात तिची अवस्था ना घरची ना दारची. शिक्षकांच्या खोलीत गेली की कुणीतरी हमखास म्हणणार, "तुमचं बरं आहे हो, पेपर तपासायला नाहीत." ऑफिसात गेली की हेडक्लार्क म्हणणार, "मॅडम, तुम्ही शिक्षक लोक, तुम्हाला काय कळणार आमची हमाली!" ती शिकवत नाही आणि शिक्केही मारत नाही, मग करते काय, हे तिच्या सख्ख्या बहिणीलाही, म्हणजे माझ्या आईलाही, धड सांगता येत नाही. "मुलांचं काहीतरी बघते," एवढं सांगून आई विषय बदलते.

चाळिशीत मावशीने पीएचडी केली. मुलं पहिल्याच वर्षी का सोडून जातात, हा विषय. तोंडी परीक्षेत एक परीक्षक चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "विषय छान आहे, पण हा बसतो कुठे? मानसशास्त्र म्हणावं तर यात आजार नाही. शिक्षणशास्त्र म्हणावं तर यात फळा नाही."

"सर, तो माझ्यासमोरच्या खुर्चीत बसतो," मावशी म्हणाली.

पदवी मिळाली. हुद्दा तोच, खोली तीच. पाटीवर 'डॉक्टर' लागल्यावर कूलर दुरुस्त करायला आलेल्या माणसाने तिला आपला गुडघा तेवढा दाखवला.

पण त्या अभ्यासातून तिच्या हाती एक गोष्ट लागली होती. मुलं नापास होतात म्हणून जात नाहीत. आधी ती एकटी पडतात, मग वर्ग चुकवतात, मग नापास होतात, आणि जाताना सगळ्यांना कारण म्हणून मार्क दाखवतात. म्हणून तिने 'सोबतीचा तास' काढला. आठवड्यातून एकदा तिसऱ्या वर्षाच्या एकाने नव्या एकाबरोबर तासभर बसायचं. अभ्यास नाही, उपदेश नाही. नुसतं बसायचं, बोलायचं, कँटीनला जायचं.

प्राचार्य भला माणूस. म्हणाले, "कल्पना झकास आहे. पण संस्थेला आकडे लागतात. सिद्ध करून दाखवा, मी तास कायमचा वेळापत्रकात घालतो. नाहीतर हा एका वर्षाचा खेळ, मग बंद."

सिद्ध करायचं कसं, हे सांगायला संख्याशास्त्राचे शिक्षक आले. त्यांना सगळे आकडेसर म्हणतात. लांबसडक, सडपातळ, बोलताना दोन बोटांनी हवेत रेघ मारायची सवय.

"सोपं आहे," त्यांनी हवा मधोमध कापली. "चिठ्ठ्या टाकून नव्या मुलांचे दोन भाग करायचे. एका निम्म्याला तास द्यायचा."

"आणि दुसऱ्या निम्म्याचं काय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही, मॅडम. तेच तर महत्त्वाचं. ते दरवर्षी जसे जातात तसे जाऊ द्यायचे. तरच फरक दिसेल."

मी त्या वर्षापासून शिकायला मावशीकडेच राहते. काका, म्हणजे मावशीचे यजमान, लोकांना गाडी चालवायला शिकवतात. जेवताना मावशीने त्यांना सगळं समजावून सांगितलं. काकांनी घास खाली ठेवला.

"म्हणजे मी निम्म्या शिकाऊंना ब्रेक कुठे असतो ते सांगायचं, आणि बाकीच्यांची गाडी झाडावर जाईपर्यंत गप्प बसायचं?"

"अहो, गाडी वेगळी, माणसं वेगळी."

"तेच म्हणतोय मी. गाडीला विमा तरी असतो."

"एकच वर्ष हो! एकदा सिद्ध झालं की पुढच्या सगळ्यांना तास मिळेल. कायमचा." मावशीचा चेहरा असा उजळला होता की काकांनी खाली ठेवलेला घास पुन्हा उचलला.

चिठ्ठ्या टाकल्या. पहिल्या निम्म्यातली मुलं जोडीजोडीने कँटीनला दिसायला लागली.

एक मुलगी मात्र रोज मधल्या सुट्टीत कूलरपाशी दिसे. बाटली भरायची, कोपऱ्यात जाऊन ओतायची, पुन्हा येऊन भरायची. मावशी दारातून बघत होती. एक दिवस तिला राहवलं नाही.

"अगं, उंट आहेस का तू? किती पाणी लागतं?"

मुलगी दचकली. "नाही मॅडम… रांगेत उभं राहिलं की बरं दिसतं. काहीतरी काम असल्यासारखं."

पुढच्याच आठवड्यात ती दाखल्याचा अर्ज घेऊन आली.

"थांब जरा. आधी बस."

"मॅडम, सही करा ना. बाबा बाहेर थांबलेत."

"बाबांनाही बोलाव. त्यांनाही खुर्ची आहे."

"नको! त्यांच्यासमोर मी रडेन."

"मग आधी इथे रड. घाई कसली आहे?"

ती रडली. कूलर घरघरला तेव्हा मोठ्याने रडली. मग म्हणाली, "ज्यांना तास लागलाय त्यांना सगळे नशीबवान म्हणतात. मला नाही लागला."

बाबा अर्ज परत खिशात घालून गेले.

मावशीने घरी हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "मावशी, ती दुसऱ्या निम्म्यातली ना गं?"

"हो."

"मग चालतं का?"

"न चालायला काय झालं? सही मागायला आली, मी बोलले. हे ऑफिसचं काम. ते संशोधनाचं. तिला तास कुठे दिलाय मी?"

"एका म्यानात दोन तलवारी," काका वर्तमानपत्राआडून म्हणाले.

"तुम्ही तुमचं भविष्य वाचा," मावशी म्हणाली.

दोन कामं वेगळी, हे ती मनापासून म्हणत होती. सकाळी ती कल्याण कक्षाची बाई असे, दुपारी संशोधक. दोघी एकाच खुर्चीत बसतात, हे तिला दिसतच नव्हतं. कूलरवाली दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, सहज. मग एका मैत्रिणीला घेऊन आली. मैत्रिणीने आणखी एकीला आणलं, मग वर्गातला एक लाजरा मुलगा आला, तो आपल्या खोलीवरच्या दोघांना घेऊन आला. कोठीतून जुनी बाकं खोलीत सरकवली गेली. मधल्या सुट्टीत खोलीत पाय ठेवायला जागा नसे. आणि यातलं एकही मूल पहिल्या निम्म्यातलं नव्हतं. त्यांना कशाला यायचं होतं? त्यांना त्यांचे दादा होते, ताया होत्या.

मावशी संध्याकाळी घसा बसलेला घेऊन घरी यायची आणि म्हणायची, "काय गोड मुलं आहेत गं यंदाची!"

वर्ष संपलं. निकाल आला त्या दिवशी मी तिचा घरी राहिलेला चष्मा द्यायला कॉलेजात गेले होते, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. आकडेसर दारात उभे राहिले, आत आले नाहीत.

"मॅडम, यंदा सोडून जाणारे खूप कमी झालेत. इतके कमी मी या कॉलेजात पाहिलेले नाहीत."

मावशी उठून उभीच राहिली. "बघा! मी म्हणत नव्हते?"

"पण दोन्हीकडे कमी झालेत. सारखेच." त्यांनी बोटांनी हवेत दोन रेघा मारल्या, समान उंचीच्या. "ज्यांना तास मिळाला तेही राहिले, नाही मिळाला तेही राहिले. म्हणजे तासाने काही फरक पडत नाही, असा याचा अर्थ होतो."

"असं कसं होईल?"

"मलाही तेच कोडं आहे. दुसऱ्या निम्म्याला वर्षभर काही मिळालं का? कुठूनही?"

मावशी वळली. तिची नजर खोलीभर फिरली. भिंतीला टेकलेली बाकं. बाकावर कुणाचा तरी विसरलेला स्वेटर. खिडकीत मुलांनी आणून ठेवलेलं रोप.

"मी मिळाले," ती हळूच म्हणाली.

आकडेसर टोचून एक शब्दही बोलले नाहीत. मांडी घालायला जागा नसलेल्या माणसासारखे ते अवघडून दारातच उभे होते. शेवटी म्हणाले, "मी गप्प बसलो तर तास बिनकामाचा ठरतो. बोललो तर सगळा प्रयोग बाद ठरतो. काय करू ते तुम्ही सांगा."

"बोला," मावशी म्हणाली. "खोटं कशाला?"

प्राचार्यांसमोर दोघं गेले. काय झालं ते मावशीने आम्हाला घरी सांगितलं, आवाजासकट.

"मॅडम," प्राचार्य म्हणाले, "तुम्ही इतकं चांगलं काम केलंत की तुमचंच काम खोटं पडलं. हे मी संस्थेपुढे कसं मांडू?"

"साधं आहे सर. मुलांशी बोललं की मुलं राहतात. दोन्हीकडे राहिली."

"तुमच्यामुळे राहिली, की यंदा पेपर सोपे होते म्हणून राहिली? आकडेसर, सांगता येईल?"

"नाही सांगता येणार," आकडेसर जमिनीकडे बघत म्हणाले.

"आणि समजा तुमच्यामुळेच राहिली. तुम्ही किती वर्षं पुरणार? तुम्ही निवृत्त झाल्यावर या खोलीत कोण बसेल? कदाचित कुणीच नाही. तास वेळापत्रकात असला तर तुमच्यामागेही राहील." त्यांनी पुढच्या वर्षाचं वेळापत्रक पुढे ओढलं. "एक वर्ष आणखी देतो. पुन्हा करा. पण या खेपेला दुसऱ्या निम्म्याला खरोखर काही मिळता कामा नये."

आम्ही जेवायला बसलो होतो. काकांनी विचारलं, "मग काय म्हणालीस तू?"

"म्हणाले, मी त्या खोलीत असले तर मुलांना परत पाठवू शकणार नाही. मला तिथून हलवा."

"स्वतः होऊन?"

"मग काय करू?" ती एकदम ओरडली. मावशीला ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. "नाही म्हटलं असतं तर तास यंदाच संपला असता. सगळ्यांचा. दरवर्षी येणाऱ्या सगळ्या मुलांचा! तुम्ही सांगा ना, काय करू? तुमच्याकडे प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायला असतं."

काकांनी उठून तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला.

आता ती वरच्या मजल्यावर परीक्षा विभागात बसते. पुनर्तपासणीचे अर्ज घेते. जिन्याखालच्या खोलीला कुलूप आहे. कोठीतल्या उत्तरपत्रिका ओसंडून तिथपर्यंत आल्या, बाकंही त्यांच्याखाली गेली. दाखल्याच्या अर्जांवर हेडक्लार्क सही करतो, उभ्याउभ्या. जुनी मुलं वर येऊन तिला भेटतात. कूलरवाली तर आता दुसऱ्या वर्षाला आहे, जिन्यावरूनच "मॅडम!" म्हणून हाक मारत येते. नव्या मुलांना मात्र मावशी ठाऊकच नाही. तीच अट होती.

एकदा ती खाली पाणी घ्यायला गेली, तर कुलूप लावलेल्या दारासमोर एक मुलगी उभी. नवीच असणार. दप्तर पाठीला नव्हतं, छातीशी धरलेलं.

"मॅडम, हे कधी उघडतं?"

"यंदा बंद आहे," मावशी म्हणाली.

"मग कुणाला विचारायचं?"

"काय विचारायचं होतं?"

हे तोंडातून निघून गेलं, आणि मावशी स्वतःच घाबरली. मुलगी बोलायला लागणार तेवढ्यात ती म्हणाली, "नाही, म्हणजे… ऑफिसात विचार. तिकडे, डावीकडे." मुलगी "बरं" म्हणून डावीकडे गेली. ऑफिसात तिला काय मिळणार होतं, मावशीला पक्कं ठाऊक होतं. ती कुठल्या निम्म्यातली, हे तिने विचारलं नाही. पहिल्या निम्म्यातली असती तर तिला कुणीतरी मिळणारच होतं. पण विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

परवा पहिल्या सत्राची परीक्षा झाली. आकडेसर दोनदोन पायऱ्या चढत परीक्षा विभागात आले. माणूस आनंदाने धापा टाकत होता.

"मॅडम, दिसायला लागलाय! फरक! पहिला निम्मा जवळजवळ सगळा टिकलाय, आणि दुसरीकडून गळती सुरू झाली. असंच वर्षभर चाललं ना, तर तास कायमचा झाला म्हणून समजा."

समोर अर्ज घेऊन विद्यार्थ्यांची रांग उभी होती. मावशीने पुढच्याला हाताने जरा थांबवलं.

"दुसरीकडून कोण गेलं?"

"अं?"

"कोण कोण गेलं, सर?"

आकडेसरांची बोटं हवेतच राहिली. "नावं नसतात माझ्याकडे, मॅडम. नियमच आहे तसा. तुम्हालाही कळता कामा नयेत."

"हो. बरोबर आहे," मावशी म्हणाली.

घरी आल्यावर तिने काकांना सांगितलं, "फरक दिसायला लागलाय."

"अरे वा! मग आनंदाची बातमी की."

"हो," मावशी म्हणाली. "आनंदाचीच आहे." आणि पायातल्या चपला तशाच ठेवून ती दाराजवळच्या स्टुलावर बसून राहिली. वर्ष संपायला अजून एक अख्खं सत्र बाकी होतं.