गोमाची गाठ

चहाचं पान हातात आलं की गोमा म्हात्रे आधी डोळे मिटायचा. मग ते तळहातावर चुरगाळून हुंगायचा आणि तोच तळहात माझ्या नाकापुढे धरायचा. "घ्या सायब. सांगा, उनातलं का सावलीतलं?" मी एम.एस्सी. झालेला, आणि माझं उत्तर हटकून चुकायचं. तो बापाच्या वयाचा होता, तरी मी त्याला नुसतं गोमा म्हणायचो.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. महाप्याला आमच्या चहाच्या कंपनीत मोठ्या साहेबांनी निलगिरीहून रोपं आणवली होती. निम्मी उघड्या उन्हात, निम्मी गोणपाटाच्या मांडवाखाली. उन्हातलं पान जाड आणि तुरट व्हायचं. सावलीतलं पातळ, रुंद, काळपट हिरवं. उजेड कमी केला की पानातली सुगंधी द्रव्यं कशी बदलतात, ते यंत्रावर मोजणं हे माझं काम. रोपं सांभाळायची गोमानं. तो शेजारच्या आगरी गावातला. जन्म मिठागरात गेलेला, भातखाचरं कारखान्यांखाली गेलेली, आणि आता त्याच जमिनीवर रोजंदारीचा माळी.

"मीठ उनात पिकतं सायब, वास सावलीत," तो म्हणायचा. मी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? "उनानंच. चाळीस वर्सं त्याच्याच हाताखाली होतो."

माझ्या यंत्राला दोन दिवस लागायचे, गोमाच्या नाकाला एक श्वास. साहेब माझा कागद बाजूला सारून म्हणायचे, "ते राहू दे, आधी गोमाला बोलवा." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यात एक दिवस साहेबांनी जाहीर केलं, मालक चव बघायला येणार आहेत. सावलीतला चहा त्यांना पसंत पडला तर गोमाला कायम करू. माझ्याबद्दल अवाक्षर नाही. मी जळलो, खोटं कशाला सांगू?

चैत्रात गोमा पाच दिवसांसाठी एकवीरेच्या जत्रेला गेला. मांडवाच्या दोऱ्या त्यानं मिठाच्या होड्या बांधतात तशा गाठीनं आवळल्या. "जरा बघा हां सायब. या पानांना ऊन नाय सोसायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मळ्यात कुणी नव्हतं. मी त्या गाठी सोडल्या. सोडताना नख मोडलं, इतक्या त्या घट्ट होत्या. गोणपाट वाऱ्यानं पडल्यासारखं दिसावं म्हणून एका बाजूला ढकलून दिलं. पाचव्या दिवशी सकाळी ते वर चढवून मला येत होती तशी गाठ मारली.

गोमा आला. त्यानं आधी गाठ पाहिली, मग पान, मग मला. मग झारी उचलून रोपांना पाणी घालायला लागला. दोन दिवसांनी मालकांनी त्या पानांच्या चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "यात विशेष काय?" साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी गोमाला विचारलं, हे कसं झालं?

"माझीच गाठ कच्ची होती," गोमा म्हणाला. "वाऱ्यानं सुटली."

प्रयोग बंद झाला, रोपं उपटली. गोमा आणखी पाच वर्षं रोजंदारीवरच राहिला. भेटला की "बरं हाय ना सायब?" विचारायचा, पण माझ्या नाकापुढे पुन्हा कधी तळहात धरला नाही. त्यानं माझं नाव घेतलं असतं, चार शिव्या घातल्या असत्या, तर मी सुटलो असतो. गप्प राहण्यातही तो माझ्यापेक्षा सरस निघाला आणि त्याचाही मला हेवाच वाटला.

तो गेल्याचं कळलं तेव्हा मी त्याच्या घरी गेलो. परसात उपटलेल्यांपैकी दोन रोपं त्यानं जगवली होती. वर गोणपाट, चारी कोपऱ्यांना तीच गाठ. त्याची बायको चुलीपाशी होती. मी धीर केला. "मावशी, त्या वेळचा मांडव वाऱ्यानं नव्हता..."

"ठावं हाय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "त्यांची गाठ वाऱ्यानं कंदी सुटली नाय."

मग तिनं कप माझ्यापुढे सरकवला. "चाय घ्या सायब. सावलीतली हाय."