अब्बांचा रोखलेला श्वास

माझे अब्बा, शेवगावचे सनईवाले फक्रुद्दीन, कधी एका जागी बसले नाहीत. शहाण्णव साली त्यांचं हृदय फुगलं. त्या वर्षी रोज सनई तोंडाला लावायची, पाच मोजेपर्यंत धाप लागली की ठेवायची, आणि पुन्हा येरझाऱ्या. पुढं त्यांनी ती हातात घेणंच सोडलं.

दोन वर्षांच्या गोळ्यांनी हृदय किती सावरलं ते बघायला डॉक्टरांनी पुण्यात एमआरआय करायला सांगितला. मी बाहेर बाकावर चुळबुळत होते. तिसऱ्यांदा मशीनवरच्या बाई तणतणत आल्या. "पंधरा मोजेपर्यंत श्वास रोखा म्हटलं, तर पंधरा होईपर्यंत गाल फुगवून फुंकत राहतात. छाती हलते, फोटो पुसट येतात. एवढाही दम उरला नाही का त्यांच्यात?"

माझं डोकं फिरलं. मग ते गाल ध्यानात आले. सूर तुटू नये म्हणून सनईवाले गालातली हवा फुंकत नाकानं श्वास घेतात. अब्बांच्या लेखी श्वास रोखणं म्हणजे तेच.

बाईंच्या माईकवरून मी म्हणाले, "अब्बा, नाकपण बंद ठेवा."

"मग आधी सांगायचं न्हाई का," ते आतून खेकसले.

चौथ्यांदा फोटो स्वच्छ आले. रिपोर्ट परवा मिळणार होता, पण मला त्याची गरज नव्हती. पाचला धापणारे अब्बा तीनदा पंधरापर्यंत न थांबता फुंकत राहिले होते, म्हणूनच तर बाईंचे फोटो बिघडले होते.