वाघाटीचं पाचवं बोट

वाघाटी शोधायला स्वयंसेवक हवेत म्हटल्यावर मी नाव दिलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "घरात मांजर शिरलं की चप्पल फेकतेस, आणि रानात जाऊन शोधणारेस?" वाघाटी म्हणजे घरच्या मांजराहूनही लहान रानमांजर. सातिवलीच्या गोदामांमागे आमचं जंगल, तिथे ती उरलीय का, हे बघायचं होतं. मी एकटी रानात जाणार हे काही त्यांना पटेना, म्हणून लक्ष ठेवायला स्वतःच आल्या.

आणि बाई रमल्या की हो. शनिवारी पायवाटेवर माती चाळून गुळगुळीत चौकोन करायचे, रविवारी सकाळी त्यात ठसे उमटलेत का बघायचं, एवढंच काम. चाळणीला त्या दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. कोकणातलं घर सोडून विरारला चौथ्या मजल्यावर आल्यापासून त्यांना मोकळं हसताना मी पहिल्यांदा तिथेच ऐकलं.

ठसे मात्र मुंगसाचे, कुत्र्यांचे, आणि एकदा आमच्याच एका उत्साही काकांच्या चपलेचे. शेवटी आमचे सर, म्हणजे कॉलेजात शिकवणारा एक तरुण मुलगा, म्हणाले, "आज काही नाही मिळालं तर इथलं काम बंद करू." सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. आम्ही चहा ओततोय तोवर त्या पाय मोकळे करायला म्हणून पुढे गेल्या, आणि तिकडून हाका मारायला लागल्या.

शेवटच्या चौकोनात खरंच ठसा होता. खाली गादी, वर बोटं. वाघाटीच्या मानाने जरा दांडगाच. सर गुडघ्यांवर बसले, पट्टी काढली आणि थांबले. मांजराच्या ठशात चार बोटं दिसतात. इथे पाच होती, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ओळीने लहान होत गेलेली.

मी लगेच ओळखलं. गौरी येतात तेव्हा आमच्या दारापासून अश्शीच पावलं काढतात. मूठ टेकवायची, वर बोटांची टोकं. सासूबाईंनी उजवा हात हळूच पदराखाली घेतला.

"आई, वाघाटी आलीय की गौर?"

"मग काय करू? तुम्ही बंद केलंत की मी पुन्हा गॅलरीत बसून समोरच्यांची धुणी बघू? मला यायचंय इथे."

सरांनी तळव्याने ठसा पुसून टाकला. "ओढ्यापलीकडची वाट राहिलीय," ते म्हणाले. "ती बघू. माती चाळायला तुम्हीच या, आजी. हात मात्र खिशात."

"लुगड्याला खिसा कुठे असतो?" म्हणत त्या चाळण घेऊन पुढे निघाल्यासुद्धा.